गायरानाचा पुरावा आकाशातही आहे. तो वाचणार कोण?

गायरान कसणारा भूमिहीन माणूस तहसील कार्यालयात गेला की त्याच्यापुढे एकच प्रश्न ठेवला जातो : तुमचा ताबा कधीपासूनचा आहे, ते दाखवा. दाखवायला त्याच्याकडे काय असते? सातबारा सरकारच्या नावावर. पीकपेऱ्यात त्याचे नाव नाही. तलाठ्याने गाव नमुना १-ई मध्ये, म्हणजे अतिक्रमणाच्या नोंदवहीत, नोंद घ्यायला हवी होती. ती घेतलीच नाही, किंवा घेतली ती कित्येक वर्षे उशिरा. आजा गेला, बाप गेला, दंडाच्या पावत्या गळक्या पत्र्याखाली भिजून गेल्या. उरते ती जमीन आणि तिच्यावरचे पीक. आणि नेमके तेच कोणी पुरावा म्हणून धरत नाही.

मित्रांनो, या माणसाच्या शेताची नोंद मात्र दुसऱ्या एका ठिकाणी गेली पन्नास वर्षे होत आली आहे. तलाठी बांधावर आला नाही, पण उपग्रह वरून जात राहिला. जमिनीवर गवत आहे, पीक आहे, घर आहे की खडीचा ढीग आहे, याची छायाचित्रे तारीखवार साठवून ठेवलेली आहेत. जमिनीचा वापर कसा बदलत गेला हे या छायाचित्रांवरून तपासण्याचे एक मोठे शास्त्र तयार झाले आहे. वनखाते, महसूल, नगररचना, कृषी, विमा कंपन्या, सगळे ते वापरतात. आपली चळवळ ते वापरत नाही. माझे म्हणणे असे की, हे शास्त्र आपण हातात घेतले नाही तर ते आपल्या विरोधात वापरले जाईल. आणि हातात घ्यायचे तर त्याच्या मर्यादा आधी नीट समजून घेतल्या पाहिजेत, कारण त्या मर्यादांचा फटका सर्वांत आधी आपल्याच माणसाला बसतो.

तारखेवर अडलेला हक्क

गायरानाचा लढा हा नुसता जमिनीचा लढा नाही, तो तारखेचाही लढा आहे. कर्मवीर दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ ला आणि पुन्हा १९६४-६५ ला भूमिहीनांचे सत्याग्रह झाले. लाखो माणसे तुरुंगात गेली. पडीक सरकारी जमीन कसणाऱ्याच्या नावावर करा, ही त्यातली मुख्य मागणी होती. त्या रेट्यातून पुढे शासन निर्णय निघाले. १९७८ च्या निर्णयाने १ एप्रिल १९७२ ते ३१ मार्च १९७८ या काळातली शेतीसाठीची अतिक्रमणे नियमित करायचे ठरले. मग २८ नोव्हेंबर १९९१ च्या निर्णयाने मागासवर्गीय भूमिहीनांसाठी ही मुदत १४ एप्रिल १९९० पर्यंत वाढवली. ही तारीख का निवडली ते सांगायला नको. बाबासाहेबांच्या जन्मशताब्दी वर्षाची ती सुरुवात होती.

मराठवाड्यात एकनाथ आवाडांच्या मानवी हक्क अभियानासारख्या संघटनांनी गायरान कसणाऱ्या कुटुंबांना संघटित करून याच निर्णयांच्या आधारे दावे लावले. काहींचे सातबारे झाले. बहुसंख्यांची प्रकरणे 'पुरावा अपुरा' या दोन शब्दांखाली पडून राहिली.

मग २०११ उजाडले. जगपाल सिंग विरुद्ध पंजाब राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने गावाच्या सामाईक जमिनींवरची अतिक्रमणे काढण्याचे आदेश सर्व राज्यांना दिले. तो खटला कशाचा होता, हे आपल्या कार्यकर्त्यांनी पाठ करून ठेवावे. पतियाळा जिल्ह्यातल्या एका गावात काही लोकांनी गावतळे बुजवून त्यावर बांधकाम केले होते. म्हणजे गावाचे पाणी गिळणाऱ्यांविरुद्धचा तो निकाल होता. त्याच निकालात न्यायालयाने म्हटले आहे की, शासनाच्या अधिसूचनेनुसार भूमिहीन मजुरांना किंवा अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना जमीन पट्ट्याने दिलेली असेल, तर असा ताबा अपवाद म्हणून नियमित करता येईल. पण गावात आला तो निकालाचा पहिलाच भाग. अपवाद वाटेत कुठेतरी गळाला.

२०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने गायरानावरील अतिक्रमणांची स्वतःहून दखल घेतली. राज्यात अशी दोन लाखांहून अधिक बांधकामे असल्याची आकडेवारी पुढे आली आणि गावोगाव नोटिसा निघाल्या. दोन लाखांत भूमिहीनाचे झोपडे किती, पुढाऱ्याचे मंगल कार्यालय किती, गोदाम किती, पेट्रोल पंप किती? ही फोड करून कोणी सांगितली का? 'अतिक्रमण' या एका शब्दात झोपडे आणि मंगल कार्यालय एकत्र कोंबले गेले. जातिव्यवस्थेत समान वागणूक फक्त अशाच वेळी मिळते.

१९७२ पासूनची नोंदवही

आता त्या छायाचित्रांकडे वळू. जमिनीची पाहणी करण्यासाठी अमेरिकेने सोडलेला पहिला लँडसॅट उपग्रह २३ जुलै १९७२ ला अवकाशात गेला. हे वर्ष आपल्यासाठी नवे नाही. महाराष्ट्र दुष्काळात होरपळत होता, रोजगार हमीच्या कामांवर आपली माणसे खडी फोडत होती आणि मुंबईत दलित पँथरचा जन्म झाला होता. आणि १ एप्रिल १९७२ हीच १९७८ च्या शासन निर्णयाची पहिली तारीख. म्हणजे ज्या काळातला ताबा सिद्ध करायला सरकार सांगते, जवळजवळ त्याच काळापासून आकाशातली नोंदवही सुरू होते.

१९८४ ला लँडसॅट ५ गेला आणि तब्बल २०१३ पर्यंत छायाचित्रे घेत राहिला. भारताचा आयआरएस-१ए हा उपग्रह मार्च १९८८ ला गेला. १४ एप्रिल १९९० ही तारीख या दोन्ही उपग्रहांच्या कार्यकाळात येते. लँडसॅटचा जुना साठा २००८ पासून सगळ्यांसाठी मोफत खुला आहे. युरोपचा सेंटिनेल-२ हा उपग्रह २०१५ पासून छायाचित्रे घेतो, तीही मोफत आहेत. इस्रोचे भुवन संकेतस्थळ २००९ पासून आहे. हैदराबादला राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्र आहे, नागपूरला महाराष्ट्राचे सुदूर संवेदन उपयोजन केंद्र आहे.

सगळे खुले आहे, मग अडचण कुठे? अडचण तीच, जी महाडला होती. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा ठराव १९२३ ला मुंबई विधिमंडळात झाला. महाड नगरपालिकेने पुढच्याच वर्षी चवदार तळे खुले केले. कागदावर खुले झालेल्या त्या तळ्याचे पाणी १९२७ पर्यंत कोणी प्यायले नव्हते, कारण पाण्यापर्यंत कोणी जाऊ दिले नव्हते. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब स्वतः तळ्याच्या पायऱ्या उतरले तेव्हा तो ठराव खरा झाला. आज या छायाचित्रांच्या साठ्यावर पहारा नाही, मारायला कोणी काठ्या घेऊन बसलेले नाही. तरी आपण तिथे गेलेलो नाही. याची जबाबदारी मात्र दुसऱ्या कोणावर ढकलता येणार नाही.

उपग्रहाला काय दिसते आणि काय दिसत नाही

'उपग्रह तटस्थ असतो, त्याला जात नसते' असे आपल्यातले शिकलेले तरुणही बोलतात. कॅमेऱ्याला जात नसते हे खरे. पण कोणत्या महिन्याचे छायाचित्र घ्यायचे, जमिनीचे कोणते वर्ग पाडायचे आणि कोणत्या रंगाला काय नाव द्यायचे, हे माणूस ठरवतो. आणि तो माणूस बहुधा गायरानावर कधी गेलेला नसतो.

उदाहरण घ्या. आपल्याकडे जूनपासून सप्टेंबरपर्यंत आभाळ भरलेले असते. साध्या कॅमेऱ्याच्या उपग्रहाला ढगाखालचे दिसत नाही. त्यामुळे अभ्यासक बहुतेक वेळा ऑक्टोबर ते मे या काळातली स्वच्छ छायाचित्रे निवडतात. आता मराठवाड्यातल्या गायरानावर काय पिकते ते आठवा. जमीन हलकी, मुरमाड. विहीर नाही, वीज नाही, कर्ज नाही. पावसाच्या भरवशावर बाजरी, मूग, तूर. बाजरी आणि मूग दसऱ्याच्या आसपास घरात आलेले असतात. मार्च-एप्रिलच्या छायाचित्रात ते शेत उघडे, करडे दिसते. शेजारी कालव्याखालचा ऊस असतो, तो वर्षभर हिरवा. उपग्रहाच्या नेहमीच्या रंगीत छायाचित्रात वनस्पती लाल रंगात दाखवतात, त्यामुळे ऊस लालभडक उठून दिसतो. नकाशा तयार होतो : उसाची जागा 'शेती', आपल्या माणसाची जागा 'पडीक'.

म्हणजे ज्याच्याकडे पाणी आहे त्याची शेती आकाशातूनही शेती दिसते. ज्याला व्यवस्थेने पाणी दिले नाही, त्याची शेती शेतीच नसते. यात उपग्रहाने जातीयवाद केलेला नाही. पाण्याच्या वाटपात जात आधीच होती, छायाचित्रात तिचा नुसता ठसा उमटला.

इथे एक फरक समजून घ्यावा. जमिनीवर काय आहे, म्हणजे गवत, झाडे, पीक, खडक, बांधकाम, याला शास्त्रात भूआच्छादन म्हणतात. त्या जमिनीचा कोण, कशासाठी उपयोग करतो, याला भूवापर म्हणतात. उपग्रहाला पहिले दिसते. दुसऱ्याचा अंदाज बांधावा लागतो. झुडपांचा माळ त्याला दिसतो. त्या माळावर धनगराची मेंढरे चरतात, बायका सरपण गोळा करतात, एका कोपऱ्यात आपल्या समाजाची स्मशानभूमी आहे, हे त्याला दिसत नाही. सरकारच्या पडीक जमिनींच्या नकाशांत झुडपी जमीन आणि खराब झालेली चराऊ जमीन हे 'पडीक'चेच प्रकार मानले आहेत. एकदा 'पडीक' नाव पडले की ती जमीन कोणालातरी द्यायला मोकळी होते. २०२३ मध्ये आलेल्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.० मध्ये सरकारी जमिनी सौर प्रकल्पांना नाममात्र भाड्याने देण्याची तरतूद आहे, आणि त्यात गायरानेही येतात. सौर ऊर्जेला आपला विरोध नाही. पण कसणाऱ्याला 'अतिक्रमक' म्हणायचे आणि त्याच जमिनीवर कंपनीचे तारकुंपण आले की 'विकास' म्हणायचे, याचा जाब विचारलाच पाहिजे.

एकट्याची पट्टी दिसत नाही

आता सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. उपग्रहाचे छायाचित्र लहान-लहान चौकोनांचे बनलेले असते. एका चौकोनाला पिक्सेल म्हणतात. त्या चौकोनाच्या आत काय वेगवेगळे आहे ते दिसत नाही, सगळ्याचा मिळून एकच रंग येतो.

हिशोब करू. १९७२ च्या लँडसॅटचा चौकोन सुमारे ८० मीटर लांब-रुंद होता, म्हणजे ६,४०० चौरस मीटर. एक एकर म्हणजे सुमारे ४,०४७ चौरस मीटर. त्या काळात एक एकर कसणाऱ्याचे अख्खे शेत एका चौकोनातच हरवून जाते. लँडसॅट ५ च्या मुख्य कॅमेऱ्याचा चौकोन ३० मीटरचा, म्हणजे ९०० चौरस मीटर, जवळपास नऊ गुंठे. एक एकराला साडेचार चौकोन. त्यातलेही कडेचे चौकोन शेजारच्या गवतात मिसळलेले. आजच्या सेंटिनेल-२ चा चौकोन १० मीटरचा, म्हणजे १०० चौरस मीटर, जवळजवळ बरोबर एक गुंठा. आज गुंठ्यागुंठ्याचा हिशोब दिसतो, १९९० ला दिसत नव्हता.

नकाशांचेही तसेच. १:५०,००० प्रमाणाच्या नकाशावर १ मिलिमीटर म्हणजे जमिनीवरचे ५० मीटर. दोन एकरांचे शेत त्या नकाशावर दोन मिलिमीटरसुद्धा भरत नाही. असा नकाशा पुढे करून कोणी म्हणाले, 'इथे शेती नव्हती', तर त्याला विचारा : साहेब, या नकाशात दोन एकरांचे शेत दिसू शकते का? आधी ते सांगा.

यातून दोन गोष्टी निघतात. पहिली : छायाचित्रात शेत दिसले नाही, म्हणजे शेत नव्हते, असा अर्थ काढता येत नाही. दुसरी त्याहून महत्त्वाची. समजा, एका गावात साठ एकर गायरान आहे आणि त्यातले लागून-लागून असलेले तीस एकर पंधरा कुटुंबे प्रत्येकी दोन एकर याप्रमाणे कसतात. एका कुटुंबाच्या वाट्याला लँडसॅट ५ चे नऊ चौकोन येतात, तेही अर्धवट. त्यावर दावा टिकवणे अवघड. पण पंधरा कुटुंबांचे मिळून सुमारे १३५ चौकोन होतात. नांगरलेल्या जमिनीचा १३५ चौकोनांचा सलग तुकडा आणि शेजारचे न नांगरलेले गवत यांतला फरक १९८९ च्या छायाचित्रातही ओळखता येऊ शकतो.

म्हणजे त्या काळच्या उपग्रहाला एकटा माणूस दिसत नाही, वस्ती दिसते. आणि आपण काय करतो? प्रत्येक जण आपापला अर्ज, आपापला वकील, आपापला दलाल धरून तहसीलला एकटा जातो. त्यातल्या दोघांचे काम पैसे देऊन होते आणि तेरा जण मागे राहतात. पुरावा सामुदायिक असेल तर दावाही एकत्र लावला पाहिजे. १९४७ च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' मध्ये बाबासाहेबांनी शेती सरकारच्या मालकीची करून ती गावकऱ्यांना जातिभेद न करता सामुदायिकपणे कसायला द्यावी, अशी मांडणी केली होती. १९१८ च्या आपल्या निबंधातही त्यांनी लहान तुकड्यांच्या शेतीचा प्रश्न अर्थशास्त्राच्या अंगाने तपासला होता. तुकड्या-तुकड्याने जमीनही पुरत नाही आणि तुकड्या-तुकड्याने लढाईही जिंकता येत नाही.

कायदा काय सांगतो

गायरानाचे नियम वेगळे आणि वनजमिनीचा वनहक्क कायदा वेगळा. पण वनहक्काच्या लढ्यात उपग्रहाचा प्रश्न आधीच येऊन गेला आहे, म्हणून तिथला अनुभव आपल्या कामाचा आहे.

गुजरातमध्ये आदिवासींचे वनहक्काचे दावे उपग्रहाच्या छायाचित्रावर बोट ठेवून मोठ्या प्रमाणावर फेटाळले गेले. संघटना उच्च न्यायालयात गेल्या. केवळ उपग्रहाच्या छायाचित्रावरून दावा फेटाळता येणार नाही, इतर पुरावेही तपासले पाहिजेत, अशी भूमिका २०१३ मध्ये न्यायालयाने घेतली. त्याआधीच, २०१२ च्या दुरुस्तीने, वनहक्काच्या नियमांत स्पष्ट तरतूद झाली होती की उपग्रह छायाचित्रासारखे तंत्रज्ञान दावेदाराच्या पुराव्याला जोड म्हणून वापरावे, त्याच्या पुराव्याची जागा घेण्यासाठी नाही. त्याच नियमांत गावातल्या वडीलधाऱ्यांचे लेखी निवेदन हाही पुरावा मानला आहे.

तरीही १३ फेब्रुवारी २०१९ ला सर्वोच्च न्यायालयाने दावे फेटाळलेल्यांना हटवण्याचा आदेश दिला, तेव्हा त्यातच भारतीय वन सर्वेक्षण संस्थेला उपग्रहाद्वारे पाहणी करून अतिक्रमणांची स्थिती मांडायला सांगितले होते. देशभर आंदोलन झाले आणि त्याच महिन्याच्या अखेरीस आदेशाला स्थगिती मिळाली. पण दिशा कळली. आज वनजमिनीवर जे झाले ते उद्या गायरानावर होणार नाही, असे समजणे भाबडेपणाचे आहे.

म्हणून आपली मागणी नेमकी असली पाहिजे. छायाचित्र नकोच, असे आपण म्हणायचे नाही. आपण म्हणायचे : गायरानाच्या प्रकरणातही छायाचित्र पूरक पुरावा असावे. ते ताबा सिद्ध करायला वापरता येईल, पण केवळ त्यावरून ताबा नाकारता येणार नाही. ही बाजू घेणे आहे का? अजिबात नाही, हे शास्त्रच आहे. नांगरट आणि बांध दिसले तर तिथे शेती होती हे कळते. न दिसण्याची कारणे मात्र अनेक असतात : ढग, चुकीचा महिना, मोठा चौकोन, दुष्काळी वर्ष. शास्त्रज्ञ स्वतः नकाशा केल्यावर प्रत्यक्ष जागेवर जाऊन पडताळणी करतात. अशा नकाशाची ८५ टक्के अचूकता पुरेशी मानण्याची प्रथा या शास्त्रात जुनी आहे. अभ्यासासाठी ती ठीक आहे. पण नकाशावरच्या शंभर जागांपैकी पंधरा चुकल्या आणि त्या पंधरात आपल्या माणसाचे शेत असेल, तर त्याला टक्केवारी सांगून पोट भरणार नाही. त्याच्या बांधावर जाऊन पंचनामा झालाच पाहिजे.

कॅमेरा त्यांच्याकडेही वळवा

गायरान वाचले पाहिजे, जनावरांना चारा पाहिजे, पर्यावरण टिकले पाहिजे, असा युक्तिवाद आपल्यापुढे केला जातो. तो खोटा नाही. मेंढपाळ आणि भटक्या जमातींसाठी माळ म्हणजे जगणे आहे, आणि आपला लढा त्यांच्या विरोधात असूच शकत नाही. पण गायरान संपवले कोणी, हे तपासायचे तर पूर्ण तपासा.

हेच काम उपग्रहाची छायाचित्रे उत्तम करतात. पक्के बांधकाम, खडी क्रशर, खाण, शेततळे, गोदाम, प्लॉटिंगचे आखलेले रस्ते हे सगळे बाजरीपेक्षा कितीतरी स्पष्ट दिसते आणि वर्षभर दिसते. गावातल्या गायरानाची १९९०, २०००, २०१० आणि आजची छायाचित्रे शेजारी-शेजारी ठेवा. कोणता तुकडा कोणत्या वर्षी कशाखाली गेला, ते शाळेतले पोरही सांगेल. महार वतनाच्या जमिनींचेही असेच आहे. वतने नष्ट करण्याचा कायदा १९५८ चा. त्यानंतर मूळ वतनदारांना परत मिळालेल्या जमिनी परवानगीशिवाय विकता येत नाहीत. तरी शहरांलगत अशा किती जमिनींवर इमारती उभ्या राहिल्या? व्यवहाराचा कागद मागच्या तारखेचा करता येतो, पण इमारत कोणत्या वर्षी उभी राहिली ते छायाचित्र सांगते.

म्हणून दुसरी मागणी अशी : प्रत्येक गावाच्या गायरानावरील ताब्याची गटवार यादी जाहीर करा. कोणता गट, किती क्षेत्र, शेती की घर की धंदा, कोणत्या वर्षापासून, आणि ताबा भूमिहीनाचा आहे की ज्याच्या नावावर आधीच जमीन आहे त्याचा. कारवाई करायची असेल तर सुरुवात शेवटच्या गटापासून करा. २०१५-१६ च्या कृषी गणनेनुसार देशातल्या एकूण वहितीच्या क्षेत्रापैकी अनुसूचित जातींकडे जेमतेम ९ टक्के क्षेत्र आहे, लोकसंख्येत मात्र वाटा २०११ च्या जनगणनेनुसार १६.६ टक्के. ज्यांच्याकडे जमीनच नाही त्यांनी जमीन बळकावली, हा आरोप करण्याआधी हे आकडे समोर ठेवा.

काय करायचे?

भाषणे पुष्कळ झाली. कामाचे बोलू. प्रत्येक तालुक्यात किमान दोन तरुणांनी हे शिकून घ्यावे. संगणक पदवीची गरज नाही, चिकाटीची आहे.

१. कसणाऱ्या सगळ्या कुटुंबांची एकत्र यादी करा. गट क्रमांक घ्या, महाभूनकाशावर गटाचा आकार पाहा, आणि जागेवर जाऊन कसलेल्या क्षेत्राच्या कोपऱ्यांचे अक्षांश-रेखांश फोनवर नोंदवा. फोनमध्ये काही मीटरची चूक येते, हे ध्यानात ठेवा. हद्दीचा वाद असेल तर तो छायाचित्राने मिटत नाही, त्याला भूमी अभिलेखची मोजणीच लागते.

२. आधी गूगल अर्थवर जुनी छायाचित्रे पाहा. तिथे बारीक दिसते, पण गावाकडची अशी छायाचित्रे बहुधा २००० नंतरचीच मिळतात. त्याआधीच्या काळासाठी अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेच्या संकेतस्थळावरून लँडसॅटची छायाचित्रे मोफत उतरवून घ्या.

३. महिना विचारपूर्वक निवडा. तूर आणि कापूस नोव्हेंबर-डिसेंबरला उभे असतात, रब्बीची ज्वारी जानेवारीत. एकाच वर्षाचे नोव्हेंबरचे आणि एप्रिलचे छायाचित्र शेजारी ठेवा. हंगामानुसार बदलणारा, सरळ कडांचा तुकडा हे शेतीचे लक्षण आहे. एका वर्षावर विसंबू नका, प्रत्येक वर्षाचे स्वच्छ छायाचित्र मिळेलच असे नाही. १९८८ ते १९९१ मधली जेवढी मिळतील तेवढी जमवा.

४. प्रत्येक छायाचित्राचा क्रमांक, तारीख आणि उपग्रहाचे नाव लिहून ठेवा. न्यायालयात इलेक्ट्रॉनिक पुराव्याला प्रमाणपत्र लागते. पूर्वी ते पुरावा कायद्याच्या कलम ६५-ब खाली असे, १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खाली आहे. मोठ्या प्रकरणात हैदराबाद किंवा नागपूरच्या सरकारी केंद्राकडून प्रमाणित प्रत मागवण्याचा प्रयत्न करा.

५. छायाचित्र एकटे पाठवू नका. माहिती अधिकारात गाव नमुना १-ई च्या जुन्या नकला मागा. दंडाच्या पावत्या, जुन्या नोटिसा, पंचनामे, म्हाताऱ्या माणसांचे जबाब, ग्रामसभेचा ठराव हे सगळे जोडा. बेदखल करण्यासाठी आलेली जुनी नोटीस फाडून टाकू नका. त्या तारखेला तुम्ही तिथे होता, हे सरकारनेच लिहून दिलेले असते.

६. बायांचे जबाब वेगळे घ्या. गायरान नांगरणे, दगड वेचणे, राखण करणे यात त्यांचे कष्ट अर्ध्याहून अधिक आहेत. कोणत्या दुष्काळात कोणता बांध घातला, कोणते पोर जन्मले त्या वर्षी तूर कशी आली, हे त्यांना आठवते. त्या आठवणीतून वर्ष पक्के करा आणि त्या वर्षाचे छायाचित्र शोधा.

यातून प्रत्येक दावा जिंकता येईल, असे मी म्हणत नाही. अधिकारी तोच आहे, गावातली सत्ता तीच आहे. जमीन मिळते ती रस्त्यावरच्या ताकदीने, हे दादासाहेबांच्या सत्याग्रहांनी दाखवून दिले आहे. पण मोर्चा तहसीलवर गेल्यावर आत जाणाऱ्या शिष्टमंडळाच्या हातात निवेदनाबरोबर तारीखवार छायाचित्रांची फाईल असेल, तर 'पुरावा अपुरा' हे दोन शब्द लिहिताना साहेबाचा पेन थोडा तरी अडखळेल. आणि नाहीच अडखळला, तर तीच फाईल पुढे न्यायालयात उपयोगी पडेल.

आपली मुले आज अभियांत्रिकी, भूगोल, कृषी शिकत आहेत, पुणे-हैदराबादच्या कंपन्यांत हेच नकाशे बनवत आहेत. बिल्डरसाठी आणि विमा कंपनीसाठी जे काम ती पगारावर करतात, त्यातला महिन्याचा एक रविवार त्यांनी आपल्या तालुक्यातल्या एका गायरानाला द्यावा. शिक्षण समाजाला परत करणे म्हणतात ते याहून वेगळे काय असते?

आपल्या तालुक्यातल्या एका गावापासून सुरुवात करा. पहिला गट क्रमांक या आठवड्यात लिहून काढा.

जय भीम! जय संविधान!